तालमीची जागा

'तालीम' हा शब्द मराठीने अरबीकडून फार्सीच्या वाटेने घेतला. मुळात त्याचा अर्थ शिकवणे, शिक्षण. मराठीत आल्यावर त्याने तीन घरे केली. पैलवान जेथे मेहनत करतात ती जागा म्हणजे तालीम. ती मेहनतही तालीमच. आणि नाटक उभे राहण्याआधी नटमंडळी जे पुन्हा पुन्हा करून पाहतात, त्यालाही आपण तालीम म्हणतो. क्रियेला आणि क्रियेच्या जागेला एकच नाव देणाऱ्या भाषेने जणू गृहीतच धरले आहे की जागेवाचून ही क्रिया होत नाही. आम्हांला हा शब्द प्रथम खटकला तो कोल्हापुरात, फुटबॉलच्या निमित्ताने. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी तेथल्या संघांची नावे. एका जुन्या संघाचे नाव तर प्रॅक्टिस क्लब असेच आहे. सराव हे ज्यांचे आडनाव, त्या संघांना सरावासाठी स्वतःची म्हणावी अशी जागा नसावी, ही गोष्ट प्रथम आम्ही विनोद म्हणून ऐकली. पंचवीस वर्षे होऊन गेली. त्या विनोदाला हसू येईनासे झाले आहे.

आम्ही होटगी स्टेशनचे. होटगी गाव वेगळे आणि होटगी स्टेशन वेगळे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. सोलापूरच्या दक्षिणेला मुंबई-मद्रास लोहमार्गावरून गदगकडे फाटा फुटतो, तेथले हे वस्तीवजा गाव. घरात कानडी, शाळेत मराठी, फलाटावर हिंदी अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. फुटबॉल या तिन्हींपैकी कोणत्याच भाषेत नव्हता. सोलापूर हे क्रिकेटचे शहर: पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, आणि पार्क मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा रणजी सामना झाला तेव्हा साऱ्या शहराला हरवलेले काही सापडल्यासारखे झाले. फुटबॉल आम्हांला भेटला तो शिक्षणामुळे. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले; तोपर्यंत आमचा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या पदराखाली होता. मराठीचे एम. ए. करायला आम्ही तिघे मंगळवेढा-सांगोला-मिरज अशा एस. टी.ने कोल्हापूरला गेलो, एका पेठेत खोली घेतली आणि खोलीबरोबर त्या पेठेचा संघही आमच्या वाट्याला आला. कोणता संघ, हे येथे सांगत नाही. कोल्हापूरचा वाचक ते विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि उत्तर दिले तर पुढचे वाचणार नाही.

कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉल कसा उचलला, यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. येथे एवढेच नोंदवतो की कुस्तीच्या तालमीकडे खेळाडू घडवण्याची पूर्ण व्यवस्था होती. तालमीचा हौद दहा-वीस फुटांचा. त्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली. भोवती पेठेतली घरे, कोपऱ्यात मारुती, आणि शिकवायला वस्ताद. पेठेच्या मध्यभागी एवढी जागा सहज मावत असे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ही व्यवस्था भरभराटीस आली आणि मोठ्या कुस्त्यांसाठी खासबागेचे मैदान उभे राहिले. म्हणजे घडण्याची जागा गल्लीत आणि दाखवण्याची जागा खासबागेत, अशी दोन्ही टोके शाबूत होती. पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. नाव, माणसे, ईर्ष्या, वर्गणी, गुलाल हे सगळे तालमीने फुटबॉलला दिले. फक्त हौद देता आला नाही. फुटबॉलचे प्रमाण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. हिशेब केला तर हे क्षेत्र पावणेदोन एकरांच्या आसपास जाते. पावणेदोन एकर मोकळी, सपाट जमीन कोणत्या जुन्या पेठेत मिळणार? कोणाच्या कंजूषपणापेक्षा वा दुर्लक्षापेक्षाही आधीचे असे हे कारण आहे. तालमीच्या आकारात न मावणारा खेळ तालमीने दत्तक घेतला, आणि पोराला नाव मिळाले तरी अंगण मिळाले नाही.

दाखवण्याची जागा मात्र आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग होते, वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात, आणि नावाजलेल्या दोन पेठांची गाठ पडली की शहराची दुपार रिकामी होते. दगडी पायऱ्यांवर बसलेला तो समुदाय ज्याने पाहिला नाही, त्याला महाराष्ट्रात फुटबॉल आहे की नाही या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार नाही, असे आमचे आजही मत आहे. पण सामन्याचे मैदान सामन्यासाठी राखावे लागते. हिरवळ आहे तोवर तिला विश्रांती हवी. सोळा संघांनी रोज तिच्यावर सराव केला तर हंगाम संपण्याआधी ती संपेल. म्हणून सराव इतरत्र: कधी गांधी मैदानावर, कधी एखाद्या महाविद्यालयाच्या पटांगणात, कधी परवानगी मिळेल तेथे. गांधी मैदान हे मुळातले वरुणतीर्थ, म्हणजे तळे. तळे बुजले तरी पाणी आपली जागा विसरलेले नाही. पावसाळ्यात ते तेथेच येऊन थांबते. उरलेल्या दिवसांत त्या मैदानावर सभा आहेत, प्रदर्शने आहेत, क्रिकेटचे चार-पाच डाव एकाच वेळी आहेत आणि पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आहेत. यांपैकी कोणाचाही हक्क आम्ही नाकारत नाही. मैदान सगळ्यांचे असते. पण जे सगळ्यांचे असते त्यावर अकरा जणांना एक हालचाल वीस वेळा करून पाहता येत नाही, कारण तिसऱ्या वेळी मध्ये कोणीतरी फलंदाज पळत असतो.

आम्ही सामने पाहत होतो तसा सरावही पाहत होतो, कारण आमच्या खोलीतला चौथा गडी संघाच्या दुय्यम फळीत खेळत असे. पहाटे साडेपाचला तो सायकल काढी आणि आम्हांपैकी कोणीतरी थंडीत कुडकुडत मागे बसून जाई. अर्ध्याच मैदानावर सराव. दुसऱ्या अर्ध्यात मोठमोठे दगड आणि मांडवाचे खड्डे. कॉर्नर मारायचा सराव एकाच बाजूने, कारण दुसऱ्या बाजूचा कोपरा गटारात. हे आम्हांला तेव्हा गमतीचे वाटे. लीगमध्ये आमच्या संघाचे कॉर्नर एका बाजूने धोकादायक आणि दुसऱ्या बाजूने निरुपद्रवी असत, याचे नवल पायऱ्यांवरच्या कित्येकांना वाटे. कारण आम्हां तिघांना ठाऊक होते. एका जानेवारीत, असाच सराव चालू असताना, त्याचा डावा पाय मांडवाच्या खांबासाठी खणलेल्या आणि वरवर बुजवलेल्या खड्ड्यात गेला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. प्रतिस्पर्धी नाही, धडक नाही, प्रेक्षक नाहीत. एका वृद्ध खेळाडूने गुडघ्याला टॉवेल बांधला. "मैदान न्हाई म्हणून पाय थांबत्यात व्हय?" असे तो एरवी अभिमानाने म्हणत असे. त्या दिवशी तो काही बोलला नाही. आमचा मित्र आज शिक्षक आहे, फळ्याशी उभा राहताना वजन उजव्या पायावर देतो, आणि त्याचे नाव कोल्हापूरच्या फुटबॉलच्या कोणत्याही इतिहासात येणार नाही.

चाहत्याचे वैफल्य ही चीज समजून घेण्यासाठी हा प्रसंग आम्हांला पुन्हा पुन्हा उपयोगी पडला आहे. चाहता नव्वद मिनिटे पाहतो. साठाव्या मिनिटाला बचावपटू दमतो, पास दोन हात मागे पडतो, आणि पायऱ्यांवरून शिव्या सुटतात. त्या चुकलेल्या पासचे कारण मागच्या मंगळवारी, उंचसखल जमिनीवर, उसळत्या चेंडूमागे धावणाऱ्या पायांत असते. पण मंगळवारचे तिकीट नसते. जे दिसत नाही त्याच्यावर रागावता येत नाही, म्हणून राग दिसणाऱ्यांवर निघतो: गोलरक्षकावर, पंचावर, समोरच्या पेठेवर. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे कोल्हापुरात सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत. त्या हुल्लडबाजीचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. परंतु ईर्ष्येला जेवढे वाव आणि घडणीला जेवढे दुर्भिक्ष, तेवढा राग भरकटणार, हे एखाद्याने सांगायला हवे. पेठा वर्गणी काढतात, परदेशी खेळाडूही आणतात. नायजेरियातून आलेला आघाडीवीर शाहू स्टेडियमवर गोल करतो हे दृश्य आता जुने झाले. खेळाडू वर्गणीत येतो. पावणेदोन एकर वर्गणीत येत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट आम्ही पुण्यात पाहिली. नोकरीला लागल्यावर कोल्हापूर दूर पडले आणि सोलापूरहून हुताम्याने पुणे जवळ आले. २००७ साली पुणे एफ. सी. स्थापन झाला, पाठीशी उद्योगसमूह, खेळायला बालेवाडीचे क्रीडासंकुल, आणि पुढे स्वतःची अकादमी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफ. सी. पुणे सिटी आला. जुन्या शिवाजियन्स संघाला बांधकाम व्यवसायाचा आधार मिळाला, लोणी काळभोरला लिव्हरपूल या इंग्लिश क्लबच्या नावाची अकादमी निघाली आणि डीएसके शिवाजियन्स आय-लीगपर्यंत पोचला. सपाट हिरवळ, आहारतज्ज्ञ, वसतिगृह. कोल्हापूरच्या पहाटा पाहिलेल्या आमच्यासारख्यांना ते सारे परीकथेसारखे वाटे. आणि मग परीकथेप्रमाणेच ते नाहीसे झाले. २०१५ मध्ये पुणे एफ. सी. संपला, २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स, २०१९ मध्ये एफ. सी. पुणे सिटी. त्याआधी मुंबईत २०१० साली महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघ मालकांनी बंद केलाच होता. बालेवाडीच्या खुर्च्यांवर आमच्यासारखे काही हजार लोक जमत, टाळ्या वाजवत. पण क्लब ज्या दिवशी बंद झाला त्या दिवशी 'आमची तालीम गेली' असे म्हणून रस्त्यावर येणारी पेठ त्याच्यामागे नव्हती. कोल्हापुरात लोक आहेत आणि जागा नाही. पुण्यात जागा होती आणि तिला धरून ठेवणारे लोक पुरेसे नव्हते. महाराष्ट्राच्या फुटबॉलचे दुखणे या दोन शहरांमधल्या अंतरात आहे.

या अंतरातून एखादाच पार जातो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो घडला पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत. अनिकेतचे कौतुक आम्हांला कोणाहून कमी नाही. पण त्याच्या यशाची कहाणी सांगताना जे वाक्य हटकून येते, की कोल्हापूरच्या खडकाळ मैदानांनीच हे खेळाडू कणखर केले, त्या वाक्याला आमचा विरोध आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य ओळखीचे वाटेल. हलाखीतून प्रतिभा फुलते, कंदिलाखाली वाचणाराच खरा अभ्यासू, अशा वाक्यांचे ते भावंड आहे. अशी वाक्ये बोलणारा माणूस पार पडलेल्यांची मोजदाद करतो. मध्ये राहिलेल्यांची यादी त्याच्याकडे नसते. कंदिलाखाली ज्यांचे डोळे गेले त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. आमच्या मित्राचा गुडघा कणखर झाला नाही, मोडला. अडचण खेळाडूला घडवते असे म्हणणे म्हणजे अडचण दूर करण्याची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाला रजा मंजूर करणे होय.

सरावाच्या जागेची तक्रार ही गरिबांचीच असते असेही नाही. क्रिस्तियानो रोनाल्डोने नोव्हेंबर २०२२ मधल्या गाजलेल्या मुलाखतीत मँचेस्टर युनायटेडबद्दल सांगितले की, आपण २००९ मध्ये क्लब सोडला तेव्हापासून तेथल्या सरावकेंद्रात काही बदललेलेच नाही: तोच तलाव, तीच व्यायामशाळा. कॅरिंग्टनचे ते केंद्र २००० साली उघडले तेव्हा आदर्श मानले जाई. त्या क्लबचे चाहते मालकांवर वर्षानुवर्षे चिडलेले होतेच. मुलाखतीने त्यांच्या रागाला एक पत्ता मिळाला. पाच कोटी पौंड खर्चून नूतनीकरण केलेली इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. आमच्या गल्लीतल्या गटारी कोपऱ्याशी त्या व्यायामशाळेची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे आम्हांला कळते. तरीही एक धागा समान आहे: चाहत्याने निकालावरून नजर उचलून निकाल जेथे शिजतो त्या जागेकडे वळवली, तेव्हाच मागणीला आकार आला. आणि दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. आइसलँड या देशाची लोकसंख्या २०१६ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराचीच साडेपाच लाखांच्या घरात होती. बर्फामुळे त्यांना वर्षातला बराच काळ मैदानच नसे. २००० नंतर त्यांनी गावोगावी छपराखालची मैदाने बांधली, प्रशिक्षक तयार केले, आणि २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडला घरी पाठवले. तेथली मुले आमच्या मुलांपेक्षा जन्मतः निराळी नव्हती. त्यांना हिवाळ्यात पाय ठेवायला जागा मिळाली.

होटगीला परत यावे लागते, कारण आम्ही तेथे राहतो आणि आमच्यापैकी दोघे शिकवतो. विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा शासनाचा कार्यक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले. तो चेंडू हातात घेऊन आमच्या परिसरातल्या एका शाळेतली मुलगी विचारती झाली, "सर, हे खेळायचं कुठं?" प्रश्न साधा होता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे २००९ सालापासून लिहिलेले आहे. मुले ज्या मोकळ्या जागेवर खेळत ती जागा खाजगी होती, आणि मालकाने यथाकाल तिला कुंपण घातले. त्यात बेकायदा काही नव्हते. मुले मग काळ्या रानात गेली. उन्हाळ्यात तेथे घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात बूट रुतून राहतो. मुलगे तरी गेले. मुलींना घरच्यांनी एवढ्या लांब सोडले नाही. चेंडू कपाटात राहिला. पुढे १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईत आला, आणि वानखेडेवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानात, त्याला पाहायला लोक लोटले. आमच्या वर्गातली मुले तो सोहळा मोबाइलवर पाहत होती. त्यांचा आनंद खरा होता. पण त्याला पाहून झाल्यावर ती जाणार कोठे, हा २०१७ चा प्रश्न तसाच पुढे उभा राहिला.

आमच्या स्टेशनाला पूर्वी दोन मापांचे रूळ होते. मुख्य मार्ग रुंद, गदगची वाट मीटरगेज. माप बदलले की माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे; त्यात वेळ जाई, पोती फाटत. पुढे गदगची वाटही रुंद झाली आणि ही उचलठेव संपली. महाराष्ट्रातल्या फुटबॉलचे रूळ अजून दोन मापांचे आहेत. पेठेतून, गावातून येणारा मुलगा एका टप्प्यावर उतरवावा लागतो आणि घर, शाळा, भाषा सोडून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. ज्याला कोणी चढवत नाही तो फलाटावर राहतो.

मग मागायचे काय? भव्य स्टेडियमची मागणी आम्हांला नको आहे. स्टेडियमची कोनशिला लवकर बसते आणि ते राजकीय सभांना अधिक उपयोगी पडते. मागणे लहान आहे आणि म्हणूनच कदाचित अवघड. प्रत्येक तालुक्यात एक पावणेदोन एकरांचा तुकडा, खेळाचे मैदान म्हणून कागदोपत्री नोंदलेला आणि प्रत्यक्षात मोकळा. त्याला पाणी निघून जाईल असा उतार, वर्षातून एकदा मुरूम-माती टाकून रोलर, शक्य तेथे हिरवळ. सकाळ-संध्याकाळच्या वेळांचे फलकावर लिहिलेले वाटप, त्यात मुलींची वेळ आणि मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली. इंडियन विमेन्स लीगमध्ये कोल्हापूरचा संघ खेळलेला आहे, तेव्हा मुली खेळत नाहीत ही सबब आता चालणार नाही. सभेला मैदान दिले तर मांडवाचे खड्डे बुजवून, ठोकून, पाणी मारून परत करण्याची अनामत. ही शेवटची अट कोणाला क्षुल्लक वाटेल. आमच्या मते साऱ्या यादीत तीच पहिली असायला हवी.

आणि चाहत्यांनी काय करावे? संघावर प्रेम करणाऱ्यांनी हंगामातून एकदा तरी मंगळवारी पहाटे सराव पाहायला जावे. तेथे घोषणा नसतात, गुलाल नसतो. धाप लागलेली मुले असतात आणि जमीन असते. ती जमीन वाकून हाताने चाचपावी. पुढच्या रविवारी पास चुकला, की पायऱ्यांवर बसून कोणाला जाब विचारायचा ते हातालाच ठाऊक असेल.